‘ते माझ्या जनुकांतच आहे’

(पत्रातले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताई, माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली. नवरा शिकलेला, वाचन भरपूर, बाहेर सगळ्यांशी गोड. पण मी कुणाशी बोलते, कुणाच्या फोटोला लाइक करते, घरी यायला उशीर का झाला, यावर त्याची सतत नजर असते. माझ्या फोनचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, लोकेशन कायम चालू ठेवावं लागतं. पूर्वी भांडण झालं की नंतर माफी तरी मागायचा. वर्षभरापासून त्याला उत्क्रांतीवरचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय आणि आता माफीऐवजी व्याख्यान मिळतं. पुरुषाला मूल आपलंच आहे याची खात्री कधीच नसते, म्हणून संशय त्याच्या जनुकांतच असतो. बायकांना वेगळ्याच गोष्टी लागतात, त्यामुळे तुला हे कळणार नाही. चिंपांझी बघ, नर असेच असतात. आणि राग आत ठेवला तर साचतो, तो बाहेर काढलाच पाहिजे. मागच्या महिन्यात असाच राग बाहेर काढताना माझा फोन भिंतीवर आपटला. त्याआधी एकदा मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचे कपडे घालावे लागले. मारलं मात्र कधीच नाही. मी कॉमर्सची, त्याच्याशी वाद घालण्याइतकं शास्त्र मला येत नाही. हे सगळं खरंच सिद्ध झालंय का? आणि खरं असेल तर मी ते समजून जुळवून घ्यायला हवं का? पत्र लिहिल्याचं त्याला माहीत नाही. तुमचं उत्तर त्याला वाचायला दिलं तर चालेल का?

प्रिय मैत्रीण,

पहिल्या दोन प्रश्नांची थेट उत्तरं आधी देते. त्याच्या व्याख्यानातलं काही खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे आणि एक गोष्ट साफ चुकीची आहे. जे खरं आहे त्यातूनही ‘बायकोने जुळवून घ्यावं’ असं काही निघत नाही. ‘मारलं मात्र कधीच नाही’ या तुमच्या वाक्यापाशी मला थांबायचं आहे, पण जरा पुढे. शास्त्राचं नाव घेऊन तुमचं तोंड बंद केलं जातंय, तेव्हा ते शास्त्र तुम्हाला त्याच्यापेक्षा थोडं जास्तच माहीत असलेलं बरं.

मूळ मांडणी भक्कम आहे, हे मान्य करून टाकू. १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एक हिशेब मांडला. पिल्लामागे ज्याला जास्त खर्चावं लागतं, म्हणजे स्वतःचं शरीर, वेळ, जिवाचा धोका, तो जोडीदार निवडताना चोखंदळ होतो. ज्यांना कमी खर्चावं लागतं ते त्या चोखंदळ जोडीदारासाठी आपसात झुंजतात. त्यातून सस्तन प्राण्यांत गर्भ मादीच्या पोटात वाढतो. मूल आपलं आहे याची तिला खात्री, नराला नाही. दुसऱ्याचं पिल्लू पोसण्यात त्याची हयात गेली तर त्याचा वंश तिथेच थांबला. मग जोडीदारावर पहारा ठेवणाऱ्या नरांचा वंश जास्त टिकला असेल, हा तर्क काही वेडगळ नाही. चतुर नावाच्या कीटकाच्या कित्येक जातींत मीलन झाल्यानंतरही मादी अंडी घालेपर्यंत नर तिला धरूनच उडत राहतो.

माणसांवरचा गाजलेला अभ्यास मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, १९९२ चा. ‘बायकांना वेगळ्याच गोष्टी लागतात’ हे बहुधा तिथूनच तुमच्या घरापर्यंत आलंय. मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं गेलं होतं की, जोडीदाराचे दुसऱ्याशी शरीरसंबंध आले किंवा जोडीदार मनाने दुसऱ्यात गुंतला, तर यातलं जास्त काय लागेल? सुमारे ६० टक्के पुरुषांनी शरीरसंबंध म्हटलं. बायकांत हे प्रमाण १७ टक्के होतं. फरक मोठा आहे, नाकारायचं कारण नाही. व्हिडिओत मात्र त्याचं ‘पुरुष असे, बायका तशा’ असं होऊन येतं आणि शंभरातले ते चाळीस पुरुष कुठेतरी गळून पडतात, ज्यांना मनाने गुंतणंच जास्त लागलं होतं. पुढे १९९६ मध्ये हाच प्रश्न जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये विचारला गेला तेव्हा स्त्री-पुरुषांमधली तफावत तिथे अमेरिकेपेक्षा कमी भरली. जनुकांच्या हिशेबात अमेरिकी आणि डच पुरुषांत असा काय फरक असणार?

मग आक्षेप सुरू झाले, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे. काही मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं पडलं की प्रश्नच दुहेरी आहे: बायको दुसऱ्याबरोबर झोपली म्हणजे ती त्याच्या प्रेमातही असणार, असं पुरुष गृहीत धरतो, म्हणून तो एका उत्तरात दोन्ही दुःखं मोजतो. डेव्हिड डिस्टेनो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना आकडे लक्षात ठेवायच्या कामात गुंतवून तोच प्रश्न विचारला. विचार करायला फुरसत नाही म्हटल्यावर बायकांचीही उत्तरं पुरुषांसारखीच येऊ लागली. त्याच वर्षी क्रिस्टीन हॅरिसने कल्पनेतला नाही, प्रत्यक्ष वाट्याला आलेला विश्वासघात आठवायला सांगितला, तेव्हा स्त्री असो की पुरुष, मनाने दुरावल्याचाच सल जास्त होता. बसच्या बाजूच्या लोकांनी याला उत्तरं दिली आहेत, वाद अजून मिटलेला नाही. पण ज्या गोष्टीवर त्या विषयातले लोक तीस वर्षं भांडतायत, ती तुमच्या घरात निकाल म्हणून वाचून दाखवली जाते, हे तुमच्या लक्षात यावं.

मत्सर शरीरसंबंधांच्या कितीतरी आधी येतो, हेही त्या व्हिडिओंत सहसा नसतं. सहा महिन्यांच्या बाळांवर सिबिल हार्टने प्रयोग केले. आई पुस्तक वाचत बसली की बाळं फारशी बिथरत नाहीत, पण तिने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बाहुलीला कुशीत घेतलं की कावरीबावरी होतात. क्रिस्टीन हॅरिसने २०१४ मध्ये ३६ कुत्र्यांसमोर त्यांच्या मालकांना एका खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायला लावलं. कुत्री मालकाला ढुशा देऊ लागली, मध्ये घुसू लागली, काही खेळण्याला चावायला गेली. पितृत्वाची शंका सहा महिन्यांच्या बाळाला येत नसावी. ज्याच्यावर आपण विसंबून आहोत त्याचं लक्ष दुसरीकडे चाललंय, ही भीती खूप जुनी आणि खूप व्यापक दिसते. तुमच्या नवऱ्याच्या मनात काय चाललंय हे मला एका पत्रावरून कळणार नाही. पण त्याला वाटणारी गोष्ट ही भीती असेल आणि तो तिला पुरुषत्वाचं नाव देत असेल, ही शक्यता मी उघडी ठेवेन.

आता ‘खात्री कधीच नसते’ याकडे. पश्चिम युरोपातल्या कुटुंबांच्या वंशावळी आणि बापाकडून मुलग्याकडे जाणारी वाय गुणसूत्रं ताडून पाहिली तेव्हा गेल्या काही शतकांत बाप कागदावरचा एक आणि प्रत्यक्षातला दुसरा, असं पिढीमागे साधारण एकाच टक्क्याच्या बाबतीत आढळलं. म्हणजे संशयाला ज्या धोक्याचा आधार दिला जातो तो धोकाच तिथे एवढासा होता. याच्या अगदी उलट टोक म्हणजे नामिबियातले पशुपालक हिंबा लोक. तिथे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय चाचण्यांत ४८ टक्के मुलांचा जैविक बाप आईचा नवरा नव्हता, आणि हे त्या आईबापांना बहुतेकदा ठाऊक होतं. लपवाछपवी नव्हती, डोक्यात राख घालणंही सर्रास नव्हतं. व्हेनेझुएला-कोलंबियाच्या सीमेवरच्या बारी लोकांत तर एका मुलाला एकापेक्षा जास्त बाप असू शकतात असं मानलं जाई. ज्या मुलांना असा दुसरा बाप होता त्यातली ८० टक्के मुलं पंधरा वर्षांची होईपर्यंत जगली, एकच बाप असलेल्यांत ६४ टक्के. ही माहिती उत्क्रांतीच्या विरोधकांनी गोळा केलेली नाही, त्याच विचाराने काम करणाऱ्या मानवशास्त्रज्ञांनी केली आहे. हिंबांमध्ये काम करणारी ब्रुक स्केल्झा आणि तिचे सहकारी यांनी २०२० मध्येच अकरा वेगवेगळे समाज शेजारी ठेवून पाहिले. जिथे बाप मुलांवर जास्त वेळ आणि साधनं खर्च करतात तिथे मत्सर तीव्र, जिथे कमी तिथे सौम्य, असं चित्र निघालं.

हा मुद्दा तुमच्या उपयोगाचा आहे. तुमचा नवरा ज्या सिद्धांताचं नाव घेऊन ‘मी बदलू शकत नाही’ म्हणतो, तो सिद्धांत नीट वाचला तर सांगतो की मत्सर परिस्थिती पाहून कमीजास्त होतो. शरीराचंही तेच. फिलिपिन्समध्ये सहाशेहून जास्त तरुणांची काही वर्षांच्या अंतराने दोनदा तपासणी झाली, २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, उतरलं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करत होते त्यांचं सगळ्यांत कमी होतं.

आणि एक विचारते, उत्क्रांती काय फक्त नरांचीच झाली? वानरांवर, म्हणजे काळ्या तोंडाच्या हनुमान लंगुरांवर, सारा हर्डीने १९७० च्या दशकात केलेलं काम या विषयात मैलाचा दगड मानतात. टोळीवर नवा नर आला की तो आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो, हे तिने मांडलं, आणि ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. कमी लोकांच्या लक्षात राहिलेला तिचा मुद्दा असा की माद्या हे निमूट सोसत नाहीत. त्या अनेक नरांशी संबंध ठेवून पिल्लाचा बाप कोण याचा घोळ घालतात, एकमेकींच्या मदतीला येतात, हल्लेखोर नराला घेरतात. नराचा पहारा जितका जुना, तितकंच तो पहारा मोडून काढणंही जुनं. तेव्हा नवऱ्याचा संशय लाखो वर्षांचा असेल तर तुमची चीड, तुमचं गुदमरणं, उठून चालतं व्हावंसं वाटणं, मैत्रिणीला सगळं सांगून टाकावंसं वाटणं, हेही त्याच वयाचं आहे. त्याचं तेवढं नैसर्गिक आणि तुमचं समजून घेण्याचं, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

चिंपांझींबद्दल. २०१४ मध्ये अठरा चिंपांझी टोळ्यांच्या अनेक दशकांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा चिंपांझींनी चिंपांझींना ठार मारल्याच्या १५२ घटना निघाल्या, काही डोळ्यांदेखतच्या, काही अनुमानाने किंवा संशयाने धरलेल्या. मारणारे जवळपास सगळे नर. बोनोबो या चिंपांझीसारख्याच दिसणाऱ्या कपींच्या चार टोळ्यांत मिळून अशी एकच घटना, तीही संशयित. बोनोबो आणि चिंपांझी हे दोघेही आपले सारखेच जवळचे नातलग, मग व्हिडिओवाले नेहमी चिंपांझीच का निवडतात? पण बोनोबो म्हणजे शांतीचे पुतळे, असंही कुणी सांगायला आलं तर विश्वास ठेवू नका. २०२४ मधला एक अभ्यास म्हणतो की बोनोबो नर आपसात चिंपांझी नरांपेक्षा जास्त वेळा भांडतात. माद्यांच्या वाट्याला मात्र ते क्वचितच जातात, कारण माद्या एकजुटीने अंगावर येतात. आणि तुमच्या नवऱ्याला सापडला नसेल असा एक पुरावा मीच त्याच्या पदरात टाकते. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलातल्या नोंदींवरून असं दिसलंय की जे वरच्या मानाचे चिंपांझी नर माद्यांना सतत मारझोड करत राहतात त्यांना पिल्लं जास्त होतात. म्हणजे चिंपांझींत हे ‘चालतं’. चिंपांझी शेजारच्या टोळीतलं पिल्लू मारून खातोही. त्यातलं सोयीचं तेवढं उचलून घरी आणायचं आणि बाकीचं जंगलात ठेवायचं, हा निर्णय चिंपांझीचा नाही, तुमच्या नवऱ्याचा आहे.

राग बाहेर काढण्याबद्दल मात्र फार वेळ घालवायला नको. ही ती साफ चुकीची गोष्ट. आक्रमकता आत साठत जाते आणि वाट काढून द्यावी लागते, ही कल्पना कोनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ च्या पुस्तकातून लोकप्रिय केली. लोरेन्झला नोबेल मिळालं, पण या कल्पनेसाठी नाही, आणि ती पुढे टिकली नाही. ब्रॅड बुशमनने २००२ मध्ये चिडवलेल्या विद्यार्थ्यांतल्या काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत मुष्टियोद्ध्यांच्या पिशवीवर ठोसे मारायला लावलं, तर काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला, आणि संधी मिळताच तेच जास्त आक्रमक झाले. सगळ्यांत निवळले ते नुसते बसलेले. शिवाय, भिंतीवर आपटलेला फोन तुमचा होता. अनावर रागाला कुणाचा फोन कुणाचा हे बरं ओळखता येतं.

इथे रिचर्ड रँगहॅम या मानवशास्त्रज्ञाने केलेला एक भेद मला फार कामाचा वाटतो. तो म्हणतो, आक्रमकता दोन तऱ्हेची असते. एक भडकून उसळणारी, दुसरी थंड डोक्याने आखलेली. पहिल्या बाबतीत माणूस चिंपांझीपेक्षा कितीतरी सौम्य आहे, दुसऱ्यात मात्र तरबेज. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. नवरा बाजू मांडतो ती उसळणाऱ्या रागाची: आवरत नाही, आतून येतं, लाखो वर्षांचं आहे. पण पासवर्ड मागून घेणं, लोकेशन कायम चालू ठेवायला लावणं, उशिराचा जाब विचारणं, हे उसळून होत नाही. संतापाच्या भरात कुणी फोनच्या सेटिंगमध्ये जात नाही. फोन फुटला, मनगट काळंनिळं पडलं, हे दिवस मोजके आणि ठळक म्हणून तुम्हीही त्यांचाच हिशेब ठेवलाय. मला काळजी आहे ती मधल्या सगळ्या शांत दिवसांची, ज्यात त्याचा आवाजही चढत नाही आणि तुमचं जग थोडं थोडं आवळत जातं.

म्हणूनच ‘मारलं मात्र कधीच नाही’ या वाक्यापाशी आता थांबते.

मार्टिन डॅली आणि मार्गो विल्सन हे कॅनडातलं संशोधक दांपत्य. खुनांकडे उत्क्रांतीच्या नजरेने पाहणारं पहिलं मोठं काम त्यांचं, १९८८ चं. तुमच्या नवऱ्याच्या व्हिडिओंचा पणजोबाच म्हणा. वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी चाळून ते म्हणाले की नवऱ्याने बायकोचा खून करण्यामागे सगळीकडे पुन्हा पुन्हा तेच कारण सापडतं: ती आपली मालमत्ता आहे ही भावना, आणि ती हातून निसटतेय हा संशय. पण जीव घेणं हे उत्क्रांतीने घडवलेलं साधन आहे, असं त्यांनी म्हटलं नाही. बायको मेली तर वंशाच्या हिशेबात नवऱ्याचंही नुकसानच. त्यांच्या मते खरं साधन म्हणजे धाक. खून हा त्या धाकाचा तोल गेल्याचा परिणाम. आणि धाक बसवायला रोज मारावं लागत नाही. फोन एकदा भिंतीवर आपटला, मनगट एकदा धरलं, की पुढे कितीतरी दिवस नुसत्या नजरेवर काम भागतं. तुम्ही लांब बाह्यांचे कपडे घातलेत. तुम्हाला कुणी सांगितलं होतं तसं करायला?

सिद्धांत तोच आहे. तुमच्या नवऱ्याच्या हातात तो वकील झालाय, तुमच्या हातात तो हवामानाच्या इशाऱ्यासारखा असायला हवा. डॅली आणि विल्सननीच १९९३ मध्ये दाखवलं की एकत्र राहणाऱ्या बायकांपेक्षा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बायकांच्या जिवाला नवऱ्याकडून धोका जास्त असतो, विशेषतः नुकत्याच वेगळ्या झालेल्यांच्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये जगभरात ८७ हजार स्त्रियांची हत्या झाली, त्यातल्या ५० हजारांच्या आसपास जोडीदाराच्या किंवा घरच्याच कुणाच्या हातून. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही सोडून जायचं ठरवलंत तर ते भांडणाच्या तोंडावर, त्याला बजावून करू नका, एवढ्यासाठी सांगते.

जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका आणि संशोधिकेने १९८० च्या दशकात असा धोका जोखायची एक प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरात आहे. त्यातलेच काही प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. प्रकार वाढत चाललेत का, वारंवार किंवा जास्त जोरात होतायत का? ‘तुला मारून टाकीन’ किंवा ‘मी जीव देईन’ असं कधी तो म्हणालाय का? घरात हत्यार आहे का? तो दारू किंवा नशा करतो का? मनाविरुद्ध शरीरसंबंध? तुम्ही गरोदर असताना अंगावर आलाय का? आणि सगळ्यांत आधी हा प्रश्न: त्याने कधी तुमचा गळा धरलाय का, अगदी क्षणभर, ‘नुसता धरला, दाबला नाही’ असा? २००८ मधल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी कधी गळा दाबला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींच्या आसपास वाढलेली दिसली. कॅम्पबेल बायकांना कॅलेंडर देऊन गेल्या वर्षातल्या घटनांवर खुणा करायला सांगायची. आठवणीतून माणूस प्रसंग गाळत जातो, कागदावर मांडले की आकडा वेगळाच निघतो. तुम्हीही करा, पण घरात नको आणि फोनवर तर नकोच. मैत्रिणीकडे किंवा माहेरी ठेवा.

तो बदलू शकतो का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. मत्सरावर उपचार होतो. शंका आली की लगेच खात्री करून घ्यायची ही सवय समुपदेशनातून मोडता येते. कारण प्रत्येक तपासणीतून मिळालेला दिलासा थोडाच वेळ टिकतो आणि पुढची तपासणी मागतो. तुम्ही पासवर्ड दिलात, लोकेशन दिलंत, संशय कमी झाला का? अट एकच, मदत त्याने स्वतःसाठी मागायला हवी आणि एकट्याने जायला हवं. तुम्हाला त्याची भीती वाटत असताना दोघांनी मिळून समुपदेशकासमोर बसणं मला पटत नाही. तिथे खरं बोललात तर घरी आल्यावर त्याची किंमत तुम्हीच मोजाल. काही माणसांचा संशय भ्रमाच्या पातळीला जातो, कपड्यांचे वास घेणं, बिनबुडाच्या गोष्टी पुराव्यासारख्या मांडणं, काहीही दाखवलं तरी न पटणं. तसं असेल तर तो मानसोपचारतज्ज्ञाचा विषय आहे, आणि त्यात तुमचा धोका कमी नाही, जास्त आहे.

‘पुरुषाचा स्वभावच तसा’ हे कायद्यानेही एके काळी मान्य केलं होतं. इटलीत बायको, मुलगी किंवा बहीण परपुरुषासोबत सापडल्यावर ‘अब्रूसाठी’ केलेल्या खुनाला कमी शिक्षा देणारं कलम १९८१ पर्यंत होतं. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बायकोसोबत रंगेहाथ सापडलेल्या पुरुषाला जागीच मारणाऱ्या नवऱ्याला १९७४ पर्यंत कायद्याने माफी होती. ती कलमं रद्द झाली तेव्हा तिथल्या पुरुषांची जनुकं काही बदललेली नव्हती. पुढच्या वेळी व्याख्यान सुरू झालं की तुम्ही हे मनात आठवा. बोलून दाखवायची गरज नाही. या वादात तुम्हाला जिंकायचं नाहीये, आणि खरं तर त्यालाही नाही. तुम्ही गप्प बसावं एवढंच त्याला हवंय. मुद्द्यात हरला तर तो व्हिडिओ बदलेल.

शेवटचा प्रश्न, हे उत्तर त्याला वाचायला द्यावं का. नाही, निदान आत्ता तरी नाही. तुम्ही बाहेर कुणाशी तरी बोललात हेच त्याला आधी दिसेल, बाकीचं सगळं नंतर. ज्या मेलवरून मला लिहिलंत तो त्याच फोनमध्ये उघडत असेल तर पाठवलेल्या मेलमधून पत्र काढा, ट्रॅशमधूनही काढा, आणि हे पान ब्राउजरच्या हिस्ट्रीत ठेवू नका. लोकेशन किंवा पासवर्ड मात्र आज अचानक बंद करू नका, त्याने तो सावध होईल. ते कधी आणि कसं करायचं हे स्त्रियांना मदत करणाऱ्या एखाद्या संस्थेतल्या समुपदेशकाशी किंवा वकिलाशी आधी बोलून ठरवा, आणि तो फोन दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून करा. ओळखीतल्या एकीला तरी सगळं सांगा आणि एक साधा शब्द ठरवून ठेवा, जो मेसेजमध्ये आला की तिने कारण न विचारता मदतीला यायचं किंवा पोलिसांना कळवायचं. तुमची कागदपत्रं आणि थोडे पैसे तिच्याकडे राहू द्या.

गळ्याच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर मला पुन्हा लिहून उत्तराची वाट पाहू नका. आधी डॉक्टरकडे जा, कारण गळ्यातली आतली इजा बाहेरून दिसत नाही आणि कधी कधी काही दिवसांनी त्रास देते. काय झालं ते डॉक्टरांना खरं सांगा आणि लेखी नोंद करून घ्या.